विश्लेषण : कर वाचवण्यासाठी स्वतःची कंपनी काढावी का?

अंधेरीच्या आयटी कार्यालयांत, ओशिवऱ्याच्या एडिटिंग स्टुडिओंत, मुलुंड-घाटकोपरच्या सल्लागार फर्ममध्ये पगाराऐवजी दरमहा बिल देऊन काम करणारे अनेक जण आहेत. १० टक्के टीडीएस कापून पैसे हातात पडले, की पहिला सल्ला मिळतो : ‘प्रायव्हेट लिमिटेड काढ, सगळं खर्चात टाक, कर शून्य.’ या सल्ल्यात तथ्य किती? हिशेब मांडला, तर बहुतेकांसाठी उत्तर उलटे येते.

(कलमांचे क्रमांक व कराचे दर आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, म्हणजे १९६१ च्या आयकर कायद्यानुसार आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत.)

कंपनी नसताना सवलत कोणती?

सर्वात मोठी सवलत कंपनी नसणाऱ्यालाच आहे. २०१६ च्या वित्त कायद्याने आणलेल्या कलम ४४ एडीएनुसार ठरावीक व्यावसायिकांनी वर्षभराच्या एकूण जमेच्या किमान ५० टक्के रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची. उरलेला निम्मा भाग खर्च म्हणून मान्य होतो. खर्चाची बिले जोडायची नाहीत, हिशेबाची वह्या ठेवण्याची सक्ती नाही, ऑडिटही नाही. जमेची मर्यादा ५० लाख रुपये आहे. रोखीतली जमा ५ टक्क्यांच्या आत असेल, तर ती ७५ लाख होते. अग्रिम कर १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरता येतो.

वकील, डॉक्टर, अभियंता, वास्तुविशारद, लेखापाल, तांत्रिक सल्लागार, अंतर्गत सजावटकार, कंपनी सेक्रेटरी, माहिती तंत्रज्ञान व्यावसायिक आणि चित्रपट कलावंत यांना ही सोय आहे. ती निवासी व्यक्ती आणि भागीदारी फर्मसाठी आहे. कंपनी आणि एलएलपी या दोघांनाही ती मिळत नाही. म्हणजेच कंपनी काढली, की ही सवलत त्याच क्षणी हातची जाते.

आकडे काय सांगतात?

बोरिवलीतल्या एखाद्या आयटी सल्लागाराची वार्षिक जमा ३० लाख आणि खरा खर्च १० लाख रुपये आहे, असे समजू. नवी करप्रणाली धरली, तर तीन मार्ग दिसतात.

पहिला, व्यक्ती म्हणून ४४ एडीए : उत्पन्न १५ लाख. उपकरासह कर १ लाख ९ हजार २०० रुपये.

दुसरा, कंपनी काढून उरलेले २० लाख स्वतःला संचालकाचा पगार म्हणून देणे : ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेल्यावर कर १ लाख ९२ हजार ४०० रुपये.

तिसरा, पगार न घेता नफ्यावर कंपनीचा कर भरून उरलेला लाभांश घेणे : कलम ११५ बीएएचा सवलतीचा दर घेतला, तरी अधिभार व उपकरासह तो २५.१६८ टक्के पडतो, म्हणजे ५ लाख ३ हजार ३६० रुपये. एप्रिल २०२० पासून लाभांशावरचा कर भागधारकाने भरायचा असल्याने त्यावर आणखी सुमारे १ लाख ८ हजार. एकूण ६ लाख १२ हजारांच्या आसपास.

जमा तीच, काम तेच. कर मात्र साडेपाच पटींहून जास्त. शिवाय कंपनीची उलाढाल कितीही छोटी असली, तरी ऑडिट सक्तीचे असते. एकट्याची ‘वन पर्सन कंपनी’ही त्यातून सुटत नाही. कंपनी निबंधकांकडे वार्षिक विवरणे वेळेत गेली नाहीत, तर प्रत्येक अर्जामागे दिवसाला १०० रुपये जादा शुल्क लागते. जीएसटीची वार्षिक २० लाखांची मर्यादा मात्र सेवा देणाऱ्या व्यक्तीला आणि कंपनीला सारखीच आहे.

मग कंपनी कोणासाठी?

जमा ७५ लाखांच्या पुढे गेलेल्यांसाठी, माणसे नोकरीवर ठेवणाऱ्यांसाठी, गुंतवणूकदार आणू पाहणाऱ्यांसाठी, मोठ्या ग्राहकाला करार कंपनीशीच हवा असलेल्यांसाठी. नफा घरखर्चाला न काढता धंद्यातच ठेवायचा असेल, तर ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या व्यक्तीपेक्षा कंपनीचा दर कमी पडतो. धंदा बुडाला, तर घरादारावर येणारी जबाबदारीही मर्यादित राहते. ही कारणे असतील, तर कंपनी जरूर काढावी.

कंपनीत कोणता खर्च चालतो?

कसोटी कलम ३७ ची : खर्च पूर्णपणे आणि केवळ व्यवसायासाठी हवा, खासगी किंवा भांडवली नको. इंटरनेट, सॉफ्टवेअरची वर्गणी, सीएची फी, ग्राहकाकडे जाण्याचा प्रवास हे चालते. लॅपटॉप ही मालमत्ता असल्याने त्यावर वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो. तो वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला असेल, तर त्या वर्षी निम्माच. एक लाखाचा लॅपटॉप ऑगस्टमध्ये घेतला, तर ४० हजार वजा होतात. जानेवारीत घेतला, तर २० हजार.

राहत्या फ्लॅटची एक खोली कंपनीला भाड्याने देता येते. कंपनीला भाड्याचा खर्च मिळतो आणि मालकाला त्या भाड्यावर ३० टक्के प्रमाणित वजावट. मात्र भाडेकरार हवा, भाडे बाजारभावाने हवे आणि सोसायटीचे नियम आधी पाहायला हवेत. व्यक्ती म्हणून धंदा करणाऱ्याला हे जमत नाही. स्वतःच स्वतःला भाडे देता येत नाही.

कोकणची कौटुंबिक सहल, मुलांची शाळेची फी, घराचे रंगकाम, दंड आणि खुद्द आयकर हे खर्चात बसत नाहीत. एका दिवसात एका व्यक्तीला १० हजारांहून जास्त रोख दिली, तर तो खर्च नामंजूर होतो. टीडीएस कापायचा राहिला, तर त्या खर्चाचा ३० टक्के भाग वर्षाच्या हिशेबातून बाद होतो.

नेहमीचे दोन सापळे

पत्नीच्या नावे पगार दाखवणे हा पहिला. कंपनीत पतीचे २० टक्के किंवा जास्त मताधिकार असतील आणि पत्नीचा पगार तिच्या तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रतेच्या बळावर मिळालेला नसेल, तर तो पतीच्याच उत्पन्नात धरला जातो. पत्नीच्या कंपनीतून पगार घेणाऱ्या पतीलाही हाच नियम.

दुसरा, कंपनीचे कार्ड घरखर्चाला वापरणे. कंपनीचा पैसा तिच्याच मालकीचा असतो. १० टक्के किंवा जास्त मताधिकार असलेल्या भागधारकाने तो उसना घेतला, तर साठलेल्या नफ्याइतकी रक्कम लाभांश मानून कर लागतो. कंपनी कायद्यातही संचालकाला कर्ज देण्यावर निर्बंध आहेत.

नोकरीच, पण नाव ‘कन्सल्टंट’?

ब्रिटनने २००० साली ‘आयआर-३५’ नियम आणले. कंपनीच्या आडून प्रत्यक्षात नोकरीच करणाऱ्यावर तिथे नोकरदारासारखा कर लागतो. आपल्याकडे असा स्वतंत्र नियम नाही. नाते करारातून आणि प्रत्यक्ष कामातून ठरते. पुण्याच्या रुबी हॉल क्लिनिकमधील सल्लागार डॉक्टरांच्या मानधनावरील टीडीएसचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. २०१५ च्या त्या निकालात कराराच्या अटी एकत्रित पाहूनच नाते ठरवले गेले.

दहा ते सात हजेरी, रजेला परवानगी, एकच ग्राहक आणि त्याचाच लॅपटॉप असेल, तर ती नोकरी आहे का, हा प्रश्न कर अधिकाऱ्याआधी कामगाराने स्वतःला विचारायला हवा. कारण कन्सल्टंट होताना भविष्य निर्वाह निधीतला मालकाचा हिस्सा, ग्रॅच्युइटी आणि पगारी रजा सुटते. ४४ एडीएमुळे वाचलेला कर बऱ्याचदा याच खड्ड्यात जातो. मानधन ठरवताना या रकमा मोजून मागाव्यात.

सरकारने काय करावे?

सवलतीची यादी जुनी झाली आहे. १९६१ च्या कायद्याखालील नियमांत ‘चित्रपट कलावंत’ म्हणून कॅमेरामन, संकलक, गीतकार, संवादलेखक, वेशभूषाकार येतात. रंगभूषाकार आणि ध्वनिमुद्रक त्या यादीत नाहीत. एकाच सेटवर घाम गाळणाऱ्या दोघांपैकी एकाला निम्मा खर्च न विचारता मान्य आणि दुसऱ्याला नाही, याला तर्क नाही. नव्या कायद्यात कलमांना नवे क्रमांक मिळाले. यादीलाही नवी नावे मिळायला हवीत, म्हणजे छोट्या व्यावसायिकाला सवलतीसाठी कंपनीचा देखावा उभारावा लागणार नाही.

तोपर्यंत नियम साधा : आधी धंदा, मग हिशेब आणि गरज असेल तरच कंपनी. ‘सगळं खर्चात टाका’ म्हणणाऱ्याला एकच विचारा : नोटीस आली, तर उत्तरावर सही कोणाची असेल? ती तुमचीच असते.