बुडण्याआधी अडवणार कोण?

समुद्रात जहाज बुडाले की तटरक्षक दलाची हेलिकॉप्टर झेपावतात, वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात, शौर्याचे कौतुक होते. ते व्हायलाच हवे. पण जहाज बंदरातून सुटण्याआधी त्याची कसून तपासणी करून ‘हे जाणार नाही’ असे मालकाच्या तोंडावर सांगणाऱ्या अधिकाऱ्याला कोणी हार घालीत नाही. कामगाराचा जीव आधी तोच वाचवतो, असे आमचे म्हणणे आहे.

अमेरिकेत हे काम तटरक्षक दलाकडेच आहे. लुइझियाना राज्यात हाउमा येथे या दलाचे सागरी सुरक्षा युनिट आहे. मेक्सिकोच्या आखातातील तेलविहिरींवर माणसे व सामान नेणाऱ्या बोटी पोर्ट फोर्चोन बंदरातून सुटतात. अशा बोटींचे सांगाडे, जीवरक्षक तराफे, आग विझवण्याची साधने तपासणे, दोष आढळला तर बोट रोखून धरणे आणि अपघात झाल्यास चौकशी करणे, हे अशा युनिटचे रोजचे काम. त्यात ना जयघोष, ना पदके.

म्हणून तिथे सारे आलबेल आहे काय? मुळीच नाही. १३ एप्रिल २०२१ रोजी याच पोर्ट फोर्चोनजवळ ‘सीकोर पॉवर’ ही बोट वादळी वाऱ्यात उलटली. १९ पैकी ६ जण वाचले, १३ जणांना प्राण गमवावे लागले. बोट तटरक्षक दलाने तपासलेली होती. मग ती उलटली कशी? राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने स्वतंत्र चौकशी केली आणि थेट तटरक्षक दलालाच सुनावले की, अशा बोटींच्या स्थैर्याचे नियम अधिक कडक करा. समुद्रावर जाणाऱ्या प्रत्येकाला आपला ठावठिकाणा कळवणारे यंत्र द्या. यंत्राची ही शिफारस नवी नव्हती. २०१५ साली ‘एल फारो’ जहाजासोबत ३३ जण बुडाले, त्यानंतरही मंडळाने तीच केली होती. म्हणजे शिफारस कागदावर पडून राहिली आणि माणसे पुन्हा मेली! तरीही एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तपासणाऱ्यालाही तपासणारा कोणी तरी तिथे आहे आणि त्याचा अहवाल मृतांच्या नातलगांना वाचता येतो.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. त्याच वर्षी, १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात मुंबईजवळच्या समुद्रात ‘पी-३०५’ हा बार्ज बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. बार्जला स्वतःचे इंजिन नव्हते. नांगर तुटल्यावर तो लाटांच्या स्वाधीन झाला. ‘वरप्रदा’ ही टगबोटही गेली. दोन्ही मिळून ८६ जणांचा बळी गेला. नौदल व तटरक्षक दलाने जिवाची बाजी लावून १८८ जणांना वाचवले. त्यांना आमचा सलाम! पण हवामान खात्याने वादळाचा इशारा आधीच दिलेला असताना ही माणसे समुद्रात का राहिली? तराफे फाटलेले होते, असे वाचलेल्यांनी पत्रकारांना सांगितले. मग ते तपासले कोणी?

आपल्याकडे जहाजांची तपासणी नौवहन महासंचालनालयाच्या अखत्यारीत येते. तटरक्षक दल इशारे देते आणि बुडणाऱ्यांना वाचवायला धावते. इशारा देणारा एक, प्रमाणपत्र देणारा दुसरा, काम करून घेणारी कंपनी तिसरी, बार्जचा मालक चौथा. अपघात झाला की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. मरतो मात्र पाचवाच: ठेकेदाराच्या हजेरीपटावरचा वेल्डर, फिटर, खलाशी, स्वयंपाकी. ‘मला परत न्या’ असे म्हणण्याचा अधिकार त्याला कोणी दिला आहे?

आमची मागणी साधी आहे. वादळाच्या इशाऱ्यानंतर काम थांबवून माणसे किनाऱ्यावर आणण्याचा अधिकार एकाच यंत्रणेकडे द्या आणि ती मालकाच्या दबावापासून मुक्त ठेवा. तराफ्यांच्या तपासणीचा दाखला कामगाराला त्याच्या भाषेत दिसेल असा लावा. चौकशीचे अहवाल जनतेसमोर ठेवा. कंत्राटी कामगारांच्या संघटनांनीही पगाराच्या मागणीइतक्याच जोराने हे मागितले पाहिजे.

नुकसानभरपाईचा धनादेश घरी येतो तेव्हा घरचा कर्ता आलेला नसतो. आम्हाला तो कर्ता परत यायला हवा आहे.