अंगण दिले आंदण

आमच्या मसोलीच्या घरात सध्या एका दोन वर्षांच्या गृहस्थाचे राज्य आहे, असे पाहुणे कौतुकाने म्हणतात. मला हे मुळीच मान्य नाही. राज्य नातवाचे नाही, त्याच्या खेळण्यांचे आहे. तो बिचारा त्यांचा आश्रित! ओटीवर बॅटरीची आगगाडी, झोपाळ्यावर कापडी अस्वलांचे कुटुंब, न्हाणीत प्लॅस्टिकची बदके आणि अंगणात तुळशीवृंदावनाला खेटून एक पिवळीधमक घसरगुंडी. थोरली नात दिवाळीत मातीचा किल्ला करते, ती जागा नेमकी हीच. यंदा किल्ला कोठे करावयाचा, असे तिने विचारले. उत्तर कोणापाशीच नव्हते.

दोष मुलाचा नव्हे. दोन वर्षांचे मूल काही घरपोच माल मागवीत नाही. हे सारे कर्तृत्व मोठ्यांचे. मुंबईहून यावयाचे, दोन दिवस राहावयाचे आणि वेळ देता येत नाही म्हणून खोके द्यावयाचे! त्यातली निम्मी खेळणी स्वतःच गातात, स्वतःच नाचतात. मुलाने नुसते बघत बसावयाचे. कळ दाबणे यालाच खेळ म्हणत असतील, तर घरातला दिवा लावणाऱ्या प्रत्येकाला विजेचा इंजिनिअर म्हणावे लागेल.

आणि हे कोठे, तर डहाणू तालुक्यात! ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेले, ते याच तालुक्यात. माँटेसरीबाईंची साधने उत्तम, पण महाग. खेड्यातल्या पोरांना ती कोठून परवडणार? तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी खडे, शिंपले, पाने, बिया यांचीच साधने केली. मोजणे, जुळविणे, लहानमोठे ओळखणे सारे त्यांतून. मूल शाळेत येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी उभी राहिली. 1975 साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि ते नाव देशभर गेले. ज्या मुलुखाने अंगणाची शाळा केली, तिथे आम्ही अंगणाचे गोदाम करीत आहोत.

"खडे गिळील तो," असे सूनबाई म्हणतात. शंका रास्त आहे. एवढ्या लहानाला मुठीत मावणार नाही असेच काही द्यावे. चिंचोके आणि चिकूची ती आकड्याची बी तर नकोच. पण मग त्या गाणाऱ्या बेडकाच्या पोटातली बटणाएवढी बॅटरी? ती घशाखाली अडकली तर दोन तासांतही आतून जाळते. तिची धास्ती मात्र कोणाला नाही, कारण ती रंगीत खोक्यातून आली!

नातू खरोखर रमतो कशात, ते पाहावयाचे असेल तर सकाळी विहिरीपाशी या. दोन करवंट्या आणि घमेलेभर पाणी. तासभर ओतणे चालते. शेजारी कोणीतरी बसावे मात्र लागते. खरी अडचण तीच आहे.

तेव्हा दिवाळीला येणाऱ्या सर्व मामा-मावश्यांना आणि काका-आत्यांना निरोप: हात रिकामे आणा आणि दोन दिवस जास्त राहा. घसरगुंडी वसुबारसेच्या आत गावच्या अंगणवाडीत जाईल. तिथे तिच्यावरून सगळी पोरे घसरतील. त्या जागी किल्ला होईल. धाकटा तो पाडील, हे मला ठाऊक आहे. खुशाल पाडू दे.