अकालीं पडणारा ठोका

नाडी पाहतांना मध्येंच एखादा ठोका चुकला तर भ्यावें कीं दुर्लक्ष करावें, असें या सदराचे वाचक अनेकदां विचारतात. शार्ङ्गधरसंहितेनें थांबून थांबून चालणारी नाडी प्राणनाशक मानली आहे. उलटपक्षीं, 'असे ठोके सर्वांनाच पडतात' म्हणणारेही पुष्कळ भेटतात. सत्य या दोहोंच्या मध्यें आहे, आणि तें मोजल्यावांचून कळत नाहीं.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, ठोका बहुधा चुकलेला नसतो. तो वेळेपूर्वीं पडलेला असतो. हृदयाच्या खालच्या कप्प्यांतील एखादें स्थान मुख्य केंद्राची आज्ञा येण्यापूर्वींच स्नायूस चेतवितें. कप्पा पुरता भरलेला नसल्यानें ती लहर मनगटापर्यंत नीट पोंचत नाहीं. मग किंचित् विराम पडतो व पुढचा ठोका जोरानें बसतो. निरोगी हृदयांत असे थोडे ठोके सहसा निरुपद्रवी असतात.

परंतु ते रोज हजारोंनीं पडूं लागले म्हणजे गोष्ट निराळी. अशा ठोक्याच्या वेळीं हृदयाच्या दोन बाजू एकदम आकुंचन पावत नाहींत; गाडीस जुंपलेल्या बैलांपैकीं एकानें ओढावें व दुसऱ्यानें मागें राहावें, तसें होतें. दीर्घकाळ असें चाललें तर कांहींच्या बाबतींत कप्पा विस्तारतो व रक्त लोटण्याची शक्ति क्षीण होते.

हा धोका कोणास अधिक? मुख्य कारण संख्या. हृदय दिवसाला सुमारें १,००,००० ठोके देतें. २०१० सालीं अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठाच्या वैद्यांनीं १७४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत अकालीं ठोके शेंकडा २४ हून अधिक असलेल्यांत हा शक्तिक्षय विशेष आढळला. तो झालेल्यांत सर्वांत कमी प्रमाण शेंकडा १० होतें. त्याखेरीज हृदयालेखांत त्या ठोक्याची आकृति रुंद असणें, त्याचा उगम हृदयाच्या बाह्य पृष्ठाजवळ असणें, आणि रात्रंदिवस तो सारख्याच प्रमाणांत पडणें, हींही कारणें पुढील संशोधनांत दिसून आलीं.

शेवटचें कारण सर्वांत विचार करण्याजोगें आहे. ज्यांस कांहींच जाणवत नाहीं, त्यांत हा विकार अधिक आढळतो. ज्यास धडधड होते तो डॉक्टरांकडे धांवतो. दुसऱ्याचें हृदय मात्र मुकाट्यानें झिजत राहतें. तेव्हां 'मला कांहीं होत नाहीं' हें वडील मंडळींचें आवडतें वाक्य येथें प्रमाण धरूं नये.

चोवीस तासांचा होल्टर आलेख ठोके मोजतो व इको तपासणी हृदयाची शक्ति दाखविते. या दोन तपासण्यांनीं पुष्कळसा उलगडा होतो. आणि समाधानाची गोष्ट ही कीं, औषधानें किंवा नलिकेच्या साह्यानें तें उगमस्थान जाळून ठोके आवरले, तर क्षीण झालेलें हृदय बहुधा कांहीं महिन्यांत सुधारतें. मात्र औषध स्वतःच्या मतानें घेऊं नये. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांत अशा कांहीं औषधांनीं ठोके कमी झाले, परंतु मृत्यु वाढले, असें १९८९ सालीं सिद्ध झालें आहे.

यास्तव घरांतील वडिलांची नाडी अधूनमधून एक मिनिटभर पाहावी. ती वारंवार अडखळत असेल, तर त्यांस बरें वाटत असलें तरीही हृदयालेख काढवावा.