रक्तातल्या वारसाची नोंद

सिंदेवाहीच्या धानपट्ट्यात ‘सिकलसेल’ हा शब्द आता नवा राहिलेला नाही. आजार आईबापांकडून रक्तात उतरतो, म्हणून एकट्या रुग्णाऐवजी सारे कुटुंब तपासले पाहिजे, हे तत्त्व येथे रुजत आहे. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने त्यावर शासनाची मोहरही उमटवली. मात्र हेच तत्त्व हृदयविकाराला लावण्याची निकड आपल्याला अद्याप वाटलेली नाही.

चाळिशीतला धडधाकट माणूस झटक्याने गेला, की आपण दैवाला बोल लावून मोकळे होतो. फार तर तंबाखूला दोष देतो. तो दोष खोटा नव्हे. परंतु नेहमीच पुरेसा नव्हे. रक्तातील घातक कोलेस्टेरॉल, ज्याला ‘एलडीएल’ म्हणतात, ते यकृताच्या पेशींवरील ग्राहक उचलून घेतात. हे ग्राहक घडवणारे जनुक सदोष असेल, तर कोलेस्टेरॉल जन्मापासूनच रक्तात वाढलेले राहते. ब्राउन व गोल्डस्टाइन यांना या संशोधनाबद्दल १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. जगात सुमारे तीनशे माणसांमागे एकाला असा वारसा असतो. सिकलसेलचा पूर्ण आजार जडण्यास आईबाप दोघांकडून दोष यावा लागतो. येथे एकाकडून आलेला पुरतो, आणि प्रत्येक अपत्याच्या बाबतीत ती शक्यता निम्मी असते. सडपातळ अंगकाठी वा शेतातले कष्ट यांनी हा दोष पुसला जात नाही.

खर्चाचा प्रश्न येथे विचारला जाईल व तो रास्तही आहे. सर्वांची जनुकीय तपासणी आपल्याला परवडणार नाही. पण आरंभी तिची गरजही नाही. ऐन उमेदीत झटका आलेल्या प्रत्येक रुग्णाची भावंडे व मुले यांची साधी कोलेस्टेरॉल तपासणी ग्रामीण रुग्णालयाने करावी. प्रौढाचे ‘एलडीएल’ १९० मिलिग्रॅम वा अधिक आढळल्यास डॉक्टरांनी उपचार योजावेत. ॲटोरव्हास्टॅटिनची गोळी राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. कमावता पुरुष गेल्यावर कर्जात बुडणाऱ्या घराचा हिशेब मांडला, तर हा खर्च क्षुल्लक ठरेल.

बाप गेल्यावर सातबाऱ्यावर वारसांची नावे चढवण्यास आपण विसरत नाही. त्याच वारसांच्या रक्तात काय उतरले आहे, याची नोंद मात्र कोठेच होत नाही. ती वेळीच झाली, तर हा वारसा विधिलिखित ठरणार नाही.