पहिली गोळी लेक्सिंग्टनला. पण भांडण नुसत्या चहाचे नव्हते



अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा विषय निघाला की शाळेतले एकच उत्तर ऐकू येते : चहावर कर बसला, लोकांनी चहा समुद्रात फेकला आणि लढाई पेटली. हे उत्तर अर्धवट आहे. त्यातून कामगार गाळलेला आहे, म्हणून ते आम्हांला मान्य नाही.

1773 च्या कायद्याने चहा महाग नव्हे, उलट स्वस्त होणार होता. पौंडाला तीन पेन्सचा जुना कर कायम ठेवून ईस्ट इंडिया कंपनीला थेट विक्रीची सवलत मिळाली. 1770 च्या दुष्काळात माणसे मरत असताना बंगालमध्ये सारा वसूल करणारी कंपनी ती हीच! तिचे दिवाळे सावरण्याचा बोजा दुसऱ्या वसाहतीच्या माथी मारला गेला.

पण ठिणगी त्याआधीच पडली होती. 1768 मध्ये बोस्टन शहरात फौज आणून बसवली. पगार तुटपुंजा, म्हणून शिपाई फावल्या वेळात कमी मजुरीवर कामे करू लागले. मार्च 1770 मध्ये दोरखंडाच्या कारखान्यात शिपाई आणि कामगार यांची हाणामारी झाली. तीन दिवसांनी, 5 मार्चला, गोळीबारात पाच जण बळी पडले. त्यांत क्रिस्पस अ‍ॅटक्स हा खलाशी होता, सॅम्युअल ग्रे हा दोर वळणारा कामगार होता.

डिसेंबर 1773 मध्ये चहा समुद्रात गेला. शिक्षा म्हणून 1 जून 1774 पासून बंदर बंद! खलाशी, हमाल, सुतार उपाशी. त्याच वर्षी गव्हर्नरच्या परवानगीवाचून गावसभा घेण्यावर बंदी आली. पोट आणि सभा, दोन्हींवर एकदम घाव घातला. मग जनरल गेज यांना फौजेसाठी बराकी हव्या झाल्या, तेव्हा बेकार असूनही बोस्टनच्या सुतार-गवंड्यांनी हत्यारे खाली ठेवली. न्यूयॉर्कच्या कारागिरांनीही नकार दिला. याला संप नाही म्हणायचे तर काय म्हणायचे?

अखेर 19 एप्रिल 1775 रोजी सुमारे 700 शिपाई काँकर्डचा शस्त्रसाठा जप्त करायला निघाले. वाटेत लेक्सिंग्टनला सत्तर-पंचाहत्तर गावकरी उभे होते. पहिली गोळी कोणाची, हा वाद आजही मिटलेला नाही. आठ गावकरी ठार झाले. त्या दिवसभरात मात्र फौजेचे 73 जण पडले. फौज निघाल्याची वर्दी रात्रीच देणारे कोण? पॉल रिव्हिअर हा चांदीकाम करणारा आणि विल्यम डॉस हा कातडी कमावणारा. टपाल बांधवांनी हेही ध्यानात घ्यावे : सरकारी टपालावर भरवसा नव्हता, म्हणून 1774 मध्येच विल्यम गोडार्ड या छापखानेवाल्याने स्वतंत्र टपाल उभे करायला घेतले होते.

आता कडू गोष्ट. लेक्सिंग्टनला प्रिन्स एस्टाब्रुक हा काळा गुलामही जखमी झाला. देश स्वतंत्र झाला, पण गुलामगिरी देशभरातून जायला 1865 साल उजाडले. लढाईत पुढे आणि वाटणीत मागे, ही आपली जुनी गत.

1974 च्या रेल्वे संपात आपणही अटका, बडतर्फी सोसली. म्हणून सांगतो, सभेवरची बंदी ही किरकोळ बाब समजू नका. आज गेटसभा सोडली, तर उद्या काय काय सोडावे लागेल याचा हिशेब करा.

कामगार एकजुटीचा विजय असो!