सिंह गेला, मग गड कोणी राखला?



१९ फेब्रुवारीला आमच्या बदलापुरात डीजे असा काही वाजला की कपाटातली भांडी थरथरली. पोवाडा औषधालाही नव्हता. पण आजची माझी तक्रार डीजेबद्दल नाही, माझ्यासारख्या मास्तरांबद्दल आहे.

परदेशातल्या भाच्याने फोनवर सुनावले, "मामा, इंग्रजांकडे बेवुल्फ आहे. आपल्याकडे नुसता जयघोष!" मला राग आला. म्हणून बेवुल्फ अनुवादातून वाचून काढले. म्हातारा राजा आगीच्या सापाशी लढायला जातो. बरोबर अकरा निवडक साथीदार. ज्यांनी त्याच्या हातून कडी-तलवारी घेतल्या, त्यातले दहा रानात पळतात. एकटा विग्लाफ थांबतो.

दुसरे काव्य माल्डनच्या लढाईचे. साल ९९१. सरदार बर्थनॉथ पडतो आणि गॉड्रिक त्याच्याच घोड्यावर बसून पळतो. लोकांना वाटते, सरदारच निघाला! फळी फुटते. तरीही मूठभर माणसे उभी राहतात आणि मरतात. कवीचा मान त्यांना आहे.

वाचताना मला सिंहगडच आठवला. १६७०. तानाजी पडल्यावर काय झाले? सभासद बखर सांगते की सूर्याजीने हिंमत धरली, माणसे सावरली आणि गड घेतला. म्हणजे गड आला तो सिंह गेल्यावर! तेव्हा भाच्या, आपल्याकडे ते सगळे आहे. तुळशीदास शाहिराचा पोवाडा आहे, अज्ञानदासाचा अफझलखान वधाचा आहे. शाळिग्राम आणि अ‍ॅक्वर्थ यांनी १८९१ मध्ये असे पोवाडे छापूनही ठेवले. आम्हीच ते उघडत नाही.

आणि मी? वर्षानुवर्षे वर्गात घोरपड रंगवून सांगितली. ती सभासदात नाहीच. सूर्याजीला मात्र एका वाक्यात उरकले. मुलांना आम्ही नेत्यामागे धावायला शिकवले. नेता पडल्यावर उभे कसे राहायचे, ते शिकवलेच नाही. मग ती मोठी होऊन फक्त फ्लेक्सवरचे फोटो मोठे करत असतील, तर दोष कोणाचा?

कोणी म्हणेल, आता कुठे लढाया आहेत? २७ जुलै २०१९ आठवा. उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, आत सुमारे हजार प्रवासी. एनडीआरएफ आणि नौदलाचे जवान आले. पण आसपासचे गावकरीही मदतीला धावलेच. त्यांना कोणी सरदार नव्हता. त्यांचा पोवाडा कोणी रचला?

मला विचाराल तर वीर तो नव्हे ज्याच्या नावाने घोषणा होतात. घोषणा थांबल्यावर जो जागेवर असतो, तो वीर.

असो. पटले नाही तर खाली भांडा. नातवंडांना मात्र आज सूर्याजी सांगा.

ता. क. भाच्या, फोन कर. रागावलेलो नाही.