घाटरस्त्यावरची जुनी गाडी

जव्हार आणि मोखाडा या दोन्ही तालुक्यांत रेल्वे नाही. पालघर, डहाणू रोड, कसारा, इगतपुरी ही स्थानके घाट ओलांडल्यावरच भेटतात, आणि एसटी मुख्य रस्त्यावरच्या गावांना जितकी उपयोगी पडते तितकी आतल्या पाड्यावरची शाळा, उपकेंद्र किंवा ग्रामपंचायत वेळेत गाठायला पडत नाही. त्यामुळे नाशिक, त्र्यंबक, विक्रमगड किंवा पालघरहून रोज अप-डाऊन करणारा शिक्षक, ग्रामसेवक वा आरोग्यसेविका बहुधा सेकंडहँड गाडीकडे वळते आणि पहिला प्रश्न विचारते तो ‘ॲव्हरेज किती देते?’ हा. प्रश्न रास्त असला तरी या भागासाठी तो अपुरा आहे.

कंपन्या इंधनाचा जो आकडा सांगतात तो पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या संस्थांच्या प्रयोगशाळेत, गाडी रोलरवर उभी करून, ठरावीक वेगांच्या ठरलेल्या क्रमाने चालवून काढलेला असतो आणि त्या क्रमात चढ नसतो. जव्हार मात्र समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे. एक टन वजनाची मोटार एवढी उंच चढवायला साधारण ४४ लाख ज्यूल ऊर्जा लागते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३ कोटी २० लाख ज्यूल असतात, पण इंजिन त्यांतला जेमतेम चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोचवते, म्हणजे नुसत्या चढाईवर अर्ध्या लिटरहून थोडे अधिक पेट्रोल खर्ची पडते. त्यातला काही भाग उतारावर परत मिळू शकतो, मात्र तो मिळवण्याची प्रचलित रीत चुकीची आहे. न्यूट्रलमध्ये किंवा चावी बंद करून घाट उतरल्याने पेट्रोल वाचते असे अनेक जण मानतात. प्रत्यक्षात फ्युएल इंजेक्शनची, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने इंधन फवारणारी मोटार गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंधन जवळजवळ पूर्ण तोडते, तर न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यापुरते तरी ते जाळतच राहते. शिवाय इंजिन बंद असताना ब्रेकला मिळणारी निर्वात दाबाची मदत दोन-तीन दाबांत संपते, पॉवर स्टिअरिंग जड होते, आणि तोरंगण घाटासारख्या वळणांवर याची किंमत पेट्रोलमध्ये मोजता येत नाही.

आता पैशाचा हिशेब. रोज ६० किलोमीटर आणि महिन्याला २५ दिवस धरले तर १,५०० किलोमीटर होतात. लिटरला ६० किलोमीटर देणारी मोटारसायकल त्यासाठी २५ लिटर पेट्रोल पिते आणि ५० देणारी ३० लिटर. फरक पाच लिटरचा, म्हणजे अंदाजे पाचशे रुपयांचा. ऐन पावसात खोडाळ्याच्या पुढे गाडी बंद पडली, ती टेम्पोत घालून आणावी लागली आणि सुटा भाग नाशिकहून मागवावा लागला, तर अशी अनेक महिन्यांची बचत एकाच खेपेत जाते. भरवशाची गाडी म्हणजे कधीच न बिघडणारी गाडी नव्हे. जिचा बिघाड आधी जाणवतो, जिचे सामान जवळ मिळते आणि जी स्थानिक मिस्त्रीच्या हाताखालून नेहमी जाते, ती भरवशाची. १९९४ पासून रस्त्यावर असलेली स्प्लेंडर खेडोपाडी टिकून राहिली त्यामागे ॲव्हरेजइतकेच हेही कारण आहे.

दुचाकी घेताना दोन तारखा ध्यानात ठेवाव्यात. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना एकत्रित ब्रेक, म्हणजे एक ब्रेक दाबताच दोन्ही चाकांवर जोर वाटून देणारी रचना, सक्तीची झाली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले, जे गारठ्यात चटकन सुरू होते व इंधन मोजून वापरते, पण बिघडले तर स्कॅनर आणि महागडा पंप मागते. या दोन तारखांच्या मधल्या वर्षातल्या बहुतेक गाड्यांत सुधारलेला ब्रेक आणि कोणत्याही गावात साफ होणारा कार्ब्युरेटर हे दोन्ही सापडतात, आणि मोखाड्याच्या आतल्या भागासाठी याहून सोयीची जुनी दुचाकी सुचवणे कठीण आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे अशा गाडीचे ॲव्हरेज किंचित उतरते आणि जुने रबरही खराब होऊ शकते, तेव्हा पेट्रोलच्या रबरी नळ्या एकदा बदलून घ्याव्यात.

चौघे सहकारी मिळून येत असतील तर चारचाकीचा विचार योग्य ठरतो. बीएस-६ डिझेल गाडीत धुरातली काजळी अडवणारी जाळी असते. ती जाळून साफ होण्यासाठी गाडी काही काळ सलग, बऱ्यापैकी वेगात पळावी लागते, आणि थांबत-थांबत छोट्या फेऱ्या करणाऱ्याच्या गाडीत ती तुंबते. सीएनजी स्वस्त खरा, पण पंप रोजच्या वाटेवर असावा लागतो, चढावर ताकद कमी पडते आणि टाकीची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. विकणाऱ्याकडे तो दाखला नसला तर तो खर्च किमतीतून वजा करावा.

गाडी कुठे नांदली हेही पाहिले पाहिजे. वसई-विरार पट्ट्यातल्या गाडीला खारी हवा लागलेली असते आणि जुलै २०१८ सारख्या पुरात ती बुडालेलीही असू शकते; सीटबेल्ट पूर्ण ओढून त्याच्या टोकाशी गाळ दिसतो का, सतरंजीखालचा पत्रा गंजला आहे का, हे तपासावे. इंजिन सकाळी थंड असतानाच सुरू करून पाहावे. निळसर धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो. मग रोज जेवढी माणसे बसणार तेवढी बसवून घाट चढावा: इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असे झाले तर क्लच प्लेट संपत आली आहे.

कागदपत्रांत कर्जाचा बोजा आणि थकलेली चलाने ‘वाहन’ पोर्टलवर पाहता येतात. कोऱ्या टीटी फॉर्मवर, म्हणजे मालकी हस्तांतराच्या अर्जावर, सह्या घेऊन गाडी महिनोन्‌महिने तशीच फिरवण्याची पद्धत सर्वत्र आहे. ती विकणाऱ्याच्या अंगाशी येते, कारण अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी नोंदणीत नाव असलेल्या मालकावरच राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. मोटार वाहन कायद्यानुसार राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतर कळवायचे असते. विमा आपल्या नावे करण्याचा अर्जही घेणाऱ्याने १४ दिवसांतच द्यायचा असतो.